दगडाची परीक्षा

शिक्षकाच्या जिभेवर काही शब्द असे रुळून गेलेले असतात की, ते उच्चारल्याचे भानही त्याला राहत नाही. ‘गप्प बसा’, ‘लक्ष कुठे आहे?’, ‘पुन्हा लिहून आणा’ ही त्यांतली निरुपद्रवी मंडळी. परंतु याच मेळ्यात ‘दगड’ हाही एक शब्द दबा धरून बसलेला असतो. उत्तर न देणाऱ्या विद्यार्थ्याला दगड म्हणण्याची प्रथा आमच्या गुरुजनांनी आमच्यावर मनमुराद पाळली होती. आणि आम्हीही ती, वडिलोपार्जित वतन सांभाळावे तशी, इमानाने पुढे चालवीत आलो होतो. यंदा एका विद्यार्थ्यामुळे आम्हांला या वतनाचा हिशेब द्यावा लागला. तो हिशेब चारचौघांत मांडलेला बरा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आषाढातली एक दुपार होती. सदलग्याच्या शिवारावर पाऊस कोसळत होता, दूधगंगेला तांबूस पाणी चढले होते आणि नववीच्या वर्गात आम्ही समास शिकवीत होतो. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाला आम्ही बहुव्रीहीचे उदाहरण विचारले. तो उभा राहिला आणि उभाच राहिला. दुसरा प्रश्न विचारला, तिसरा विचारला, उत्तर नाही. “अरे, तू अगदी दगड आहेस, दगड! बैस खाली,” असे आम्ही म्हणालो. वर्ग हसला. तास संपला. शिक्षकांच्या खोलीत येऊन आम्ही चहा घेतला आणि तो प्रसंग चहाच्या कपाबरोबरच विसळून टाकला.

पुढे पौष महिन्यात शाळेची सहल कोयनानगरला न्यायचे ठरले. विज्ञानाचे शिक्षक प्रशिक्षणासाठी बाहेरगावी गेलेले. तेव्हा मुख्याध्यापकांनी आम्हांला बोलावून सांगितले, “सहलीपूर्वी मुलांना कोयनेची माहिती द्या. तुम्ही भाषेचे शिक्षक. तुम्हांला बोलायला काय लागते?” आम्ही कलाशाखेचे पदवीधर. वीज या विषयाशी आमचा संबंध बटण दाबण्यापुरता आणि बिल भरण्यापुरता. तरीही आज्ञा शिरसावंद्य मानून आम्ही पुस्तके गोळा केली आणि एका शनिवारी वर्गात उभे राहिलो.

कोयनेची गोष्ट मुळातच मनोहर आहे. महाबळेश्वरात उगम पावून ही नदी सह्याद्रीच्या कुशीतून दक्षिणेकडे वाहत येते. हेळवाकजवळ एकाएकी पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. आपली दूधगंगाही आपल्याच चिकोडी तालुक्यात कृष्णेला मिळते; तेव्हा या दोघी एकाच घरात दिलेल्या मुली म्हणायला हरकत नाही. परंतु कोयनेच्या वळणापाशी सह्याद्रीचा कडा पश्चिमेला असा सरळ तुटलेला आहे की, तेच पाणी कोकणाच्या बाजूला सोडले तर ते सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळते. अभियंत्यांनी हे हेरले. नदीवर सुमारे १०३ मीटर उंचीचे धरण बांधले, डोंगरातून बोगदा काढला आणि पोफळीला डोंगराच्या पोटातच दालन कोरून तिथे वीजगृह उभे केले. १९६२ साली तिथले पहिले यंत्र फिरू लागले. पहिल्या दोन टप्प्यांची आठ यंत्रे मिळून ६०० मेगावॅट वीज देणारी झाली. पुढे चौथ्या टप्प्यासाठी आणखी एक भूगर्भातील वीजगृह झाले, ते १,००० मेगावॅटचे. त्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी भरल्या जलाशयाच्या तळाखालून खडकाचा शेवटचा पडदा सुरुंगाने उडवून पाणी बोगद्यात घेण्यात आले.

आम्ही हे सगळे रंगवून सांगत होतो. पुढच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला. “सर, एवढा मोठा डोंगर आतून पोकळ केला, मग तो खाली कसा बसला नाही? तो बसणार नाही हे आधी कसं कळलं?”

प्रश्न उत्तम होता. उत्तर आमच्यापाशी नव्हते. पण शिक्षकाची जीभ अशा वेळी थांबत नाही. “त्यात काय कठीण?” आम्ही म्हणालो. “डोंगरातला एक तुकडा काढायचा, प्रयोगशाळेत न्यायचा आणि यंत्रात घालून दाबायचा. किती भाराला फुटतो ते पाहिले की झाले.”

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, “सर, तुकड्यावरनं न्हाई कळत.”

वर्गाने माना वळवल्या. तोच मुलगा उभा होता. आषाढानंतर त्याचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो, हेही आमच्या तेव्हाच लक्षात आले. “तुकडा घट असतोय, सर,” तो म्हणाला. “खडक फुटतोय सांध्यात. जाग्यावर वाजवून बघाय लागतंय.” कोणीतरी फिदीफिदी हसले. त्याचे वडील विहिरी खणण्याचे काम करतात, अशी माहिती दुसऱ्या कोणी पुरवली. “बरे, पाहू,” असे म्हणून आम्ही पुढे गेलो. परंतु कुसळ बोटात राहावे तसे ते वाक्य मनात राहिले.

त्या रात्री आणि पुढच्या रविवारी आम्ही जे वाचले, त्यावरून एकच निष्कर्ष निघाला. पोरगा बरोबर होता आणि पदवीधर चूक होता.

खडकाचा तुकडा आणि खडक या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. काळ्या घट्ट बेसाल्टचा मुठीएवढा नमुना यंत्रात दाबला, तर दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोहून अधिक भारही तो सहज सोसू शकतो. परंतु डोंगर म्हणजे असा एकसंध नमुना नव्हे. त्यात भेगा असतात, सांधे असतात. लाव्हारसाच्या एका थरावर दुसरा थर बसताना मध्ये राहून गेलेली लाल मातीची पट्टी असते. डोंगर ढासळतो तो या जागी. आणि गंमत अशी की, नमुना काढताना नेमका हा दुबळा भागच चुरा होऊन जातो. प्रयोगशाळेत सुखरूप पोहोचतो तो मधला धडधाकट तुकडा. म्हणजे यंत्रापुढे परीक्षेला बसतो तो डोंगराचा हुशार विद्यार्थी. बाकीचा वर्ग वाटेतच गळालेला असतो.

शिवाय डोंगरातला खडक मुळात मोकळा नसतोच. एक घनमीटर बेसाल्ट सुमारे २.८ टन भरतो. जमिनीखाली १०० मीटरवर असलेल्या खडकाच्या प्रत्येक चौरस मीटरवर अशा शंभर घनमीटरांचे, म्हणजे २८० टनांचे ओझे बसलेले असते. आणि बाजूंनीही दाब असतो तो निराळाच. तुकडा कापून बाहेर आणला की हे ओझे उतरते. ज्या अवस्थेत तो युगानुयुगे होता ती अवस्थाच संपते. आमचे बालपण कोकणीभाषक मुलुखात, जांभ्या दगडाच्या खाणींजवळ गेले. खाणीतून नुकता काढलेला चिरा हत्याराने सहज तासला जातो आणि वाऱ्याउन्हात राहिला की कठीण होतो, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेले. दगड जागेवरून हलवला की बदलतो, हे आम्हांला निराळे शिकवायला नको होते. पण पाहिलेले आणि समजलेले यांत अंतर असते.

म्हणून भूगर्भात वीजगृह कोरण्याआधी अभियंते डोंगराकडेच जातात. नियोजित दालनाच्या जागेपर्यंत प्रथम माणूस उभा राहील एवढे आडवे भुयार खणतात आणि तिथे खडकाला त्याच्या घरीच प्रश्न विचारतात. एका परीक्षेत भुयाराच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना पोलादी पाट बसवतात आणि मध्ये जॅक लावून खडकावर भार घालतात. भार थोडा वाढवायचा, उतरवायचा, पुन्हा अधिक वाढवायचा. आणि खडक किती दबला व किती मागे आला हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायचे. पाट बसवण्याची जागा सुरुंगाने तयार करीत नाहीत. छिन्नीने, हाताने, हळूहळू तासतात. कारण सुरुंगाने खडकाला जे तडे जातात, ते परीक्षकाने पाडलेले तडे असतात. आणि मग दोष खडकाच्या माथी लागतो.

दुसरी परीक्षा याहून सुंदर आहे. भिंतीवर दोन खिळे ठोकून त्यांमधील अंतर मोजतात आणि त्यांच्या मधोमध खडकात एक अरुंद खाच कापतात. खाच कापताच दाबलेला खडक किंचित सैलावतो आणि खिळे केसभर जवळ येतात. मग त्या खाचेत पोलादी पत्र्याचा चपटा जॅक सरकवून त्यात तेल भरीत जातात. ज्या दाबाला खिळे पूर्वीच्या अंतरावर परततात, तोच दाब तो खडक इतकी वर्षे मुकाट्याने सोशीत होता असे समजतात. खोल विवरात पाणी कोंडून, त्या दाबाने खडकाला बारीक चीर पाडून, आतला ताण ओळखण्याची रीतही आहे. खडकाचा चौकोनी ठोकळा तळाशी तसाच चिकटलेला ठेवून, वरून भार देऊन बाजूने रेटायचा आणि तो कधी सरकतो ते पाहायचे, अशीही एक आहे. खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आणि आपल्या राज्यात कोलार येथील सोन्याच्या खाणींच्या परिसरात १९८८ साली सुरू झालेली राष्ट्रीय खडक यांत्रिकी संस्था अशा प्रकारची कामे करीत आल्या आहेत.

हे सारे नसते उपद्व्याप नव्हेत. फ्रान्समध्ये माल्पासे येथे एक सुबक कमानी धरण बांधले होते. २ डिसेंबर १९५९ च्या रात्री ते फुटले आणि चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. काँक्रीट निर्दोष होते. डाव्या तीरावरचा, धरण ज्याला टेकले होते तो खडक हलला होता; आत दडलेल्या भेगांची आणि त्यांत शिरलेल्या पाण्याची विचारपूस पुरेशी झाली नव्हती. त्यानंतर खडकाचा जागेवर अभ्यास करण्याच्या शास्त्राला जगभर जोर आला आणि १९६२ साली ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे त्याची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

एवढे वाचल्यावर त्या मुलाच्या वडिलांना भेटावे असे आम्हांला वाटले. गावाबाहेर माळाच्या अंगाला एका जुन्या विहिरीचे खोलीकरण चालू होते. आम्ही काठावर उभे राहिलो. त्यांनी वर पाहून हाक दिली, “या मास्तर, या! जपून, हिकडनं उतरा.” आम्ही धोतरवाल्या पिढीतले नसलो तरी विहिरीत उतरताना आमची तारांबळ धोतर नेसल्यासारखीच झाली. खाली गेल्यावर त्यांनी घण उचलला आणि कातळावर एका जागी ठोकला. खणखणीत नाद उठला. दोन हात सरकून पुन्हा ठोकला. तोच काळा कातळ, तोच घण, पण आवाज बद्द. “ऐकलासा? हितं आत पोकळ हाय. डोळ्याला दिसत न्हाई. हितं सुरुंग भरला तर ही सगळी कड अंगावर यील.” मुलगा शेजारी उभा होता. वडिलांनी घण त्याच्या हाती दिला. त्याने सारी भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकीत नेली आणि प्रत्येक ठोक्याला, आवाज पुरता विरण्याआधीच, ‘घट’, ‘घट’, ‘सांधा’, ‘घट’, ‘पोकळ’ असे सांगत गेला. एकदाही अडखळला नाही. आमच्यापुढे तीन प्रश्नांना मुका उभा राहिलेला मुलगा तो हाच, यावर आमचा विश्वास बसेना.

“हुशार आहे तुमचा मुलगा,” आम्ही म्हणालो.

वडील हसले. “कसला हुशार, मास्तर! ह्या उन्हाळ्यानंतर शाळेत जात न्हाई म्हणतोय. म्या दगड हाय, दगडातच काम करतो, म्हणतोय. कुठनं डोक्यात घेतलंय कुणास ठाऊक.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तो शब्द कोणाचा, हे त्यांना ठाऊकच नव्हते. मुलगा पायाखालच्या कपऱ्या निवडू लागला. आम्ही विहिरीच्या तळाशी उभे होतो आणि वर आकाशाचा वाटोळा तुकडा दिसत होता. त्या क्षणी शंभर मीटर खोल खडकावरचे ओझे म्हणजे काय, याची आम्हांला थोडीफार कल्पना आली.

पाटावर भार घालण्याच्या परीक्षेतील एक गोष्ट त्या संध्याकाळी वारंवार आठवत राहिली. भार उतरवल्यावर खडक मागे येतो. पण पुरता येत नाही. पहिल्या भाराने ज्या बारीक फटी मिटतात, त्या तशाच राहतात. किती मागे आला आणि किती आला नाही, यावरूनच खडकाची प्रकृती कळते. आषाढात आम्ही एक भार घातला होता आणि मोजणीची सुई न पाहताच निघून गेलो होतो. उत्तर न देणारा मुलगा दगड असतो, हा आमचा सिद्धान्तही वर्गात नेलेल्या एका तुकड्यावर, एका तासात, तीन प्रश्नांत बांधलेला होता. आणि त्या मुलाच्या घरी कानडी, गल्लीत सीमाभागाची मराठी, तर आमच्या वर्गात ग्रंथांतली मराठी. कोकणी घरातून मराठी शाळेत गेलेल्या आम्हांला तरी हे ओझे ओळखीचे असायला हवे होते.

सोमवारी आम्ही नववीच्या वर्गात गेलो. जो भार चारचौघांत घातला तो एकान्तात उतरवता येत नाही, म्हणून वर्गासमोरच सांगितले की, आषाढात या मुलाला आम्ही जे म्हटले ते चुकीचे होते आणि त्याबद्दल आम्ही त्याची क्षमा मागतो. वर्ग स्तब्ध झाला. मुलगा उठला, खाली पाहत म्हणाला, “असू दे, सर,” आणि बसला. मग आम्ही त्याच्या हाती खडू दिला. त्याने फळ्यावर विहीर काढली. वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग मऊ खडक, मग काळा फत्तर आणि मध्येच गेरूसारखी लाल पट्टी. “ह्या पट्टीला भ्यायचं,” तो म्हणाला. त्या दिवशी कोणी हसले नाही. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने आकृती वहीत उतरवून घेतली.

सहल कऱ्हाडमार्गे गेली. वीजगृहात आम्हांला प्रवेश नव्हता; धरण आणि शिवसागराचे निळे पाणी दुरून पाहिले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे झालेल्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले, धरणाला तडे गेले, परंतु धरण उभे राहिले आणि पुढे ते अधिक मजबूत करण्यात आले, हे मुलांना तिथेच सांगितले. भूकंपाचे मूळ शोधण्यासाठी कऱ्हाडच्या संशोधन केंद्राने गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर घेतले. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट उतरून गेल्यावर ग्रॅनाइट लागला. मोठमोठे शास्त्रज्ञ अजूनही डोंगराला विचारीतच आहेत. उत्तरे संपलेली नाहीत. परतताना घाटात गाडी थांबली, तेव्हा आमच्या त्या विद्यार्थ्याने रस्त्याकडेचा एक धोंडा उचलला, कापलेल्या कड्यावर ठोकला आणि कान देऊन ऐकले. “काय म्हणतो?” आम्ही विचारले. “घट हाय, सर,” तो म्हणाला आणि हसला. त्याला हसताना आम्ही प्रथमच पाहिले.

विद्यार्थिमित्रहो, या हकिकतीचा शेवट कथेतल्यासारखा गोड झाला असे समजू नका. तो दहावीत येणार की विहिरीवर जाणार, हे अजून ठरलेले नाही. त्याच्या वडिलांशी आमचे दोनदा बोलणे झाले आहे. ‘बघू’ इथपर्यंत ते आले आहेत. परवाच्या चाचणीत बहुव्रीहीने त्याला पुन्हा दगा दिला. उत्तरपत्रिका आमच्या टेबलावर आहे. गुण जे पडले ते लिहिले. त्यात दयामाया केलेली नाही, कारण खोट्या मापाने खडकाचेही हित होत नाही. मात्र गुणांखाली शेऱ्याची जी ओळ असते, ती आम्ही कोरी ठेवली आहे. रविवारी पुन्हा माळावरच्या विहिरीकडे जाणार आहोत. तिथून आल्यावर लिहू.